बार्लीचे भागीदार

घरात कधी नाचणीचे सत्त्व झाले असेल, तर माल्टिंग म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. नाचणी निवडायची, धुवायची, रात्रभर भिजत घालायची, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद आचेवर भाजायची, दळायची. माल्टच्या कारखान्यात बार्लीचे हेच होते. दाण्यातला ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास असतो, तो भिजवून पंचेचाळीसच्या जवळ नेतात. चार-पाच दिवस थंड, दमट हवेत थर उलथत ठेवतात. कोंब सालीच्या आतून सरकत दाण्याच्या पाऊण लांबीपर्यंत पोचला, की खालून गरम हवा सोडून सगळा व्यवहार थांबवतात. वाळलेल्या मुळ्या झाडून टाकतात. उरतो तो माल्ट.

त्या चार-पाच दिवसांत दाण्याच्या पोटात बरेच काही घडते. पाणी लागताच अंकुर जागा होतो आणि जिबरेलिन हे संप्रेरक पिठाला वेढून असलेल्या पातळ थराकडे पाठवतो. तो थर विकरे बनवू लागतो. काही विकरे पेशींच्या भिंती विरघळवतात, काही प्रथिने सुटी करतात, काही पिष्टाची साखर करायच्या तयारीला लागतात. आदल्या आठवड्यात दाताखाली खडा वाटणारा दाणा आता चिमटीत दाबला तर त्याचा पांढरा भुगा बोटांना लागतो. अंकुराने ही सारी सिद्धता आपल्या रोपासाठी केलेली असते. माल्ट करणारा त्याला ती पुरती करू देतो आणि खर्च व्हायच्या आत ताब्यात घेतो.

म्हणून माल्टवाला धान्य घेतो ते जिवंत माल म्हणून. गव्हाचा दाणा मेलेला असला तरी त्याची पोळी होते. बार्लीचा मेलेला दाणा माल्टच्या ढिगात खडा होऊन राहतो. शंभरातले किमान पंच्याण्णव दाणे उगवले पाहिजेत, आणि नुसते उगवून भागत नाही, सगळे एका चालीने उगवले पाहिजेत. काही दाणे पुढे धावले आणि काही मागे राहिले, तर पुढच्यांची साखर मुळ्यांत जाते आणि मागच्यांचे पीठ बंदच राहते. मळणीयंत्र जरा जास्त आवळले की साल सुटते, कोंब दुखावतो. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की कणसातच मोड येतात. कोठारात माल तापला की वरून काही दिसत नाही, पण दाणा आतून संपलेला असतो.

हे सगळे निभावले तरी खरी अडचण पुढेच असते. शेतकऱ्याचे उत्पन्न क्विंटलवर. क्विंटल वाढवायचा खात्रीचा उपाय म्हणजे नत्र, आपल्याकडे युरिया. पण नत्र वाढले, विशेषतः उशिरा दिले, की दाण्यातले प्रथिन वाढते. प्रथिन वाढले की पिष्टाला तितकी जागा कमी, म्हणजे माल्टमधून मिळणारा अर्क कमी, आणि पेय थंड केल्यावर गढूळ. प्रथिन फार कमी असूनही चालत नाही. यीस्टला नत्र लागते, फेस टिकायला प्रथिन लागते, आणि विकरे तर स्वतःच प्रथिने असतात. त्यामुळे खरेदीदार साडेनऊ-दहापासून साडेअकरा-बारा टक्क्यांपर्यंतचा अरुंद पट्टा मागतात. शेतकऱ्याने हात आखडायचा तो खरेदीदाराच्या सोयीसाठी, आणि त्यातून घटणारे क्विंटल मात्र त्याच्याच खळ्यावरचे. वाण पैदा करणाऱ्याला उत्पादन, रोगप्रतिकार आणि माल्टचे गुण एकाच ताटव्यात आणायला दहा-बारा वर्षे लागतात. बिअर कारखान्याला तर नवे वाण मुळात नकोच असते, कारण त्याच्या गिऱ्हाइकाला चव बदललेली चालत नाही. एकाच दाण्याशी चार जणांचा संबंध, आणि चौघांच्या मागण्या एकमेकांना छेद देणाऱ्या.

बिअरचे नाव निघाले की आपल्याकडे लिखाणाचा सूर आपोआप ओशाळा होतो किंवा मुद्दाम धीट होतो. मला दोन्ही नको. बार्ली म्हणजेच जव आपल्याकडे होमात राहिले, सातूच्या पिठात राहिले, आजाऱ्याला द्यायच्या पाण्यात राहिले, आणि वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत माल्ट होऊनही आले. त्या पेयाचे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे. मला कुतूहल आहे ते या दाण्याभोवती जमलेल्या माणसांचे. कारण स्वार्थ वेगवेगळे असलेल्या या मंडळींना एकत्र बसावे लागले, आणि त्या बैठकीतून जे निघाले ते बार्लीच्या शेताबाहेर फार दूर गेले.

डब्लिनची गिनेस ही विसाव्या शतकाच्या आरंभी जगातल्या सर्वांत मोठ्या मद्यनिर्मिती कंपन्यांपैकी एक होती आणि आयर्लंडच्या बार्लीची मोठी गिऱ्हाईक होती. ऑक्सफर्डहून रसायन आणि गणित शिकून आलेला विल्यम सीली गॉसेट १८९९ मध्ये तिथे नोकरीला लागला. नव्यानेच स्थापन झालेल्या आयर्लंडच्या शेतीखात्याने गिनेसच्या सहकार्याने देशभर बार्लीच्या वाणांची चाचणी सुरू केली होती. इंग्लंडात विल्टशरमधल्या वॉर्मिन्स्टर गावी एडविन स्लोपर बीव्हन हा माल्टचा व्यापारी स्वतःच्या जमिनीवर वाणांचे संकर आणि प्रयोग करीत होता. गॉसेटचे आणि त्याचे चांगले जमले. एकाकडे हिशेब, दुसऱ्याकडे शेत.

प्रश्न साधा वाटणारा होता: दोन वाणांपैकी बरे कोणते? पण एकाच शेतात एका कोपऱ्यात पाणी मुरते, दुसऱ्यात दगड लागतो, तिसऱ्यावर झाडाची सावली पडते. अमुक वाणाने एकरी जास्त दिले ते वाणामुळे की कोपऱ्यामुळे? बीव्हनची युक्ती कुणाही शेतकऱ्याला पटेल अशी होती. पाभरीच्या पेटीत मधोमध आडोसा घालायचा, एका अर्ध्यात एक वाण आणि दुसऱ्या अर्ध्यात दुसरे. पाभर शेताच्या टोकाला जाऊन वळली आणि परत आली की त्याच वाणाचे अर्धे पट्टे शेजारी शेजारी पडतात. पहिल्याचा, दुसऱ्याचा, पुन्हा दुसऱ्याचा, मग पहिल्याचा, असे शेतभर. जमिनीचा कस डावीकडून उजवीकडे चढत असेल तर तो चढ दोघांच्या वाट्याला जवळजवळ सारखा येतो. पट्टे जोडीने कापायचे, जोडीने तोलायचे, आणि प्रत्येक जोडीतला फरक तेवढा लिहायचा.

यापुढचे काम गॉसेटचे. असे फरक हाताशी किती असणार? पाच, आठ, अकरा. तोवरचे संख्याशास्त्र शेकड्यांनी, हजारांनी मोजलेल्या नमुन्यांवर उभे होते. गॉसेट १९०६-०७ मध्ये लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनच्या प्रयोगशाळेत राहिला, पण लहान नमुन्यांचा प्रश्न पिअर्सनला फारसा महत्त्वाचा वाटत नव्हता. साहजिकच होते, तो प्रश्न शेताचा आणि कारखान्याचा होता. दरवर्षी एकच हंगाम आणि त्यात मोजकेच पट्टे मिळणाऱ्या माणसाला हजार निरीक्षणांची वाट बघता येत नाही. गॉसेटने १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला तो याच पेचातून आलेला. नमुना लहान असेल तर आपल्या सरासरीवर किती विसंबावे, याचे मोजमाप त्याने दिले. त्यातले एक उदाहरण म्हणजे पेरणीआधी बियाणे भट्टीत सुकवावे की नाही, यावरच्या अकरा जोड्या. कंपनीच्या माणसांना स्वतःच्या नावाने लिहायची मुभा नव्हती, म्हणून निबंधाखाली नाव होते ‘स्टुडंट’. आज जगभरच्या विद्यापीठांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवली जाणारी ‘स्टुडंटची टी-चाचणी’ ती हीच.

गॉसेटविषयी मला जास्त आदर वाटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. किती खात्री पुरेशी, हे तो केवळ आकड्यांवर ठरवीत नसे. चूक झाली तर नुकसान किती, बरोबर निघालो तर फायदा किती, आणि आणखी एक प्रयोग करायला खर्च किती, हे तो आधी विचारी. खात्री किती हवी ते व्यवहार ठरवणार, अशी त्याची धारणा होती. पुढच्या पिढ्यांनी त्याची चाचणी उचलली आणि हा विचार बाजूला ठेवला. वीसात एक ही ठरावीक सीमारेषा आखून तिच्या अलीकडचे खोटे आणि पलीकडचे खरे असा शिरस्ता पाडला. मद्याच्या कारखान्यातला माणूस विद्यापीठातल्या मंडळींपेक्षा अधिक सावध निघाला, कारण चुकीचे वाण निवडले तर त्याचा परिणाम पुढच्या हंगामातल्या खरेदीवर होणार होता.

त्याने नोंदवून ठेवलेला एक प्रसंग आयरिश बार्लीचा आहे. स्प्रॅट आणि आर्चर या दोन वाणांच्या संकरातून निघालेले स्प्रॅट-आर्चर खात्याने देशभर पसरवले. सगळीकडे ते सरस ठरत होते. एका भागातले शेतकरी मात्र बधेनात. आमची गावरान बार्ली याहून चांगली, एवढेच त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांची समजूत पटवायची म्हणून खात्याने त्या गावरान बार्लीचे शुद्ध बियाणे तयार केले आणि त्याच भागात दोन्ही वाणे शेजारी शेजारी पेरली. निकाल लागला तो शेतकऱ्यांच्या बाजूने. कारणही उमगले. त्या भागात तण फार. गावरान बार्ली झपाट्याने वाढून तणाला दाबून टाकी. स्प्रॅट-आर्चर सावकाश उठणारे, ते तणाखाली जाई. हीच गावरान बार्ली नीट मशागत केलेल्या दुसऱ्या जमिनीवर नेली की मागे पडे.

संशोधन केंद्राच्या शेतात तण काढलेले होते, म्हणून तिथे तो फरक कधी दिसलाच नाही. खाते खोटे बोलत नव्हते आणि शेतकरी हटवादी नव्हते. दोघेही आपापल्या जमिनीवर जे दिसले ते सांगत होते. सहकार्याने संशोधन या मथळ्याखाली मी पाहिलेल्या बहुतेक कागदांत कंपनी, विद्यापीठ आणि सरकार यांच्या चौकटी बाणांनी जोडलेल्या असतात, आणि शेतकरी त्या बाणांच्या शेवटी उभा असतो, तयार वाण घ्यायला. आयर्लंडच्या त्या भागातल्या शेतकऱ्यांकडे जी माहिती होती ती चौकटीतल्या कुणाकडेच नव्हती. ती बाहेर यायलाही त्यांना नुसते अडून बसावे लागले. खात्याने प्रयोग केला तो त्यांना चुकीचे ठरवायला. पण केला, आणि निकाल आला तसा मानला, हे त्या खात्याचे मोठेपण.

बार्लीतून निघालेले ज्ञान कोण कुणाला सांगतो, यातही दोन घराणी दिसतात. गिनेस गुप्ततेचे घराणे. म्हणून तर ‘स्टुडंट’. कोपनहेगनचे कार्ल्सबर्ग त्या काळी उलट चालीचे. संस्थापक याकोब ख्रिश्चन याकोबसेन याने १८७५ मध्ये प्रयोगशाळा काढली आणि तिथला कुठलाही निष्कर्ष झाकून ठेवायचा नाही असा दंडक घातला. तिथे योहान केल्डाल याच्यापुढे प्रश्न होता तो धान्यातल्या नत्राचा, म्हणजे वर सांगितलेल्या त्याच अरुंद पट्ट्याचा. दाणे तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचे, सगळे नत्र अमोनियाच्या रूपात आणायचे, ते ऊर्ध्वपातनाने वेगळे करून मोजायचे, अशी रीत त्याने १८८३ मध्ये बसवली. त्याच साली त्याच प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने शुद्ध यीस्ट वेगळे काढले आणि कार्ल्सबर्गने ते प्रतिस्पर्ध्यांनाही दिले. केल्डालची रीत आज दूध, डाळीचे पीठ, पशुखाद्य, सगळ्यांतले प्रथिन मोजायला वापरतात. सापडलेल्या नत्राला बहुधा सव्वासहाने गुणायचे, की पाकिटावर छापायचा प्रथिनाचा आकडा मिळतो. तिचा दुबळेपणाही तिथेच आहे. ती नत्र मोजते, प्रथिन मोजत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात नत्रयुक्त मेलामाइन मिसळणाऱ्यांनी तेच हेरले होते.

गॉसेटचे काम आपल्याकडे आले ते बिअरशी काही घेणे-देणे नसलेल्या वाटेने, आणि ती वाट बरीचशी मराठी माणसांच्या पावलांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमधून पदवी घेऊन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले, जिथे तीसेक वर्षांपूर्वी गॉसेट जाऊन बसला होता. दोन लहान नमुन्यांतला चढउतार सारखा नसेल तर त्यांची तुलना कशी करावी, हे गॉसेटच्या प्रश्नाचे पुढचे वळण. त्यासाठी लागणारी कोष्टके सुखात्मे यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. इंदूरला कापसावर काम करणारे विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून लिहिलेले शेतीक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींचे इंग्रजी पुस्तक १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढले. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, कुठल्याही कृषी विद्यापीठात ‘पानसे-सुखात्मे’ म्हटले की पुस्तकाचे नाव सांगावे लागत नाही. ज्वारीचे वाण असो, आंब्यावरची फवारणी असो, फरक खरा की योगायोगाचा हे ठरवायला विद्यार्थी जे कोष्टक उघडतो त्याचा उगम डब्लिनच्या बार्लीत आहे.

याच दोघांनी पिकाच्या उत्पादनाचा अंदाज नजरेने बांधायची जुनी आणेवारीची रीत सोडून, वाटेल तशी न निवडता चिठ्ठी टाकावी तशी निवडलेली शेते कापून, तोलून अंदाज काढायची पद्धत देशभर रुजवायला हातभार लावला. आज मराठवाड्यातल्या सोयाबीनवाल्याला विम्याची भरपाई मिळते की नाही, हे महसूल मंडळात झालेल्या मोजक्या पीक कापणी प्रयोगांवर बरेच अवलंबून असते. त्या मोजक्या कापलेल्या तुकड्यांवर सगळ्या मंडळाचे दैव ठरवताना चुकीची शक्यता किती, हा गॉसेटचाच प्रश्न. फरक इतकाच की गिनेसमध्ये प्रश्न विचारणारा आणि नुकसान सोसणारा एकच होता.

अमेरिकेतली कथा निराळी. तिथे एकमेकांच्या उरावर बसलेल्या बिअर कंपन्यांनी आणि माल्टवाल्यांनी मिळून मिलवॉकी शहरात एक संस्था चालवली: अमेरिकन माल्टिंग बार्ली असोसिएशन. वर्गणी काढायची आणि विद्यापीठांतल्या बार्ली पैदासकारांना द्यायची. नवे वाण आधी प्रयोगशाळेत, मग लहान प्रमाणावर, मग प्रत्यक्ष कारखान्यात माल्ट करून, पेय करून पाहायचे. सगळ्यांना पटले तर शिफारशीच्या यादीत घालायचे. पैदासकारांच्या हजारो नमुन्यांची तपासणी मॅडिसनच्या सरकारी प्रयोगशाळेत. दुकानाच्या फळीवर भांडणारे लोक बियाण्याच्या टप्प्यावर एकत्र येतात, यात भाबडेपणा काही नाही. एका कंपनीने एकटीने वाण काढले तर ते पेरायला शेतकरी हवेत, साठवायला वेगळी कोठारे हवीत आणि दहा-बारा वर्षे दम हवा. तेवढा कुणाकडेच नव्हता. गरज म्हणून जमले, सौजन्य म्हणून नव्हे. आणि गरजेची मैत्री बऱ्याचदा जास्त टिकते.

त्या मैत्रीची कसोटी १९९३ मध्ये लागली. मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटाच्या सीमेवरची रेड नदीचे खोरे म्हणजे तिथली बार्लीची पंढरी. त्या वर्षीच्या ओल्या उन्हाळ्यात कणसांवर फ्युजेरियम बुरशी आली, दाण्यांत तिचे विष उतरले. अशा दाण्यांच्या माल्टपासून केलेली बिअर बाटली उघडताच उसळून बाहेर येते. विष दहा लाखांत एक भागाच्या आसपास असले तरी खरेदीदार मालाकडे पाठ फिरवतो. रोग वर्षानुवर्षे परत येत राहिला. १९९७ च्या सुमारास गहू आणि बार्लीवाल्यांनी मिळून या रोगासाठी राष्ट्रीय संशोधन उपक्रम उभा केला आणि तो अजून चालू आहे. पण बार्ली थांबली नाही. ती पश्चिमेला, माँटाना आणि आयडाहोच्या कोरड्या हवेत निघून गेली. संशोधन यशस्वी की अयशस्वी? मिलवॉकीच्या यादीकडे पाहिले तर यशस्वी. रेड नदीच्या काठावर वडिलोपार्जित बार्ली सोडून मका-सोयाबीनकडे वळलेल्या कुटुंबाकडे पाहिले तर उत्तर देणे जड जाते.

त्याच मिनेसोटा विद्यापीठाने १९७८ मध्ये मोरेक्स नावाचे सहा-ओळी माल्ट-वाण दिले होते. त्याची सद्दी शेतातून कधीच संपली. पण बार्लीचा संपूर्ण जनुकसंच वाचायचा ठरला तेव्हा जगभरच्या गटांनी नमुना म्हणून मोरेक्सच निवडले. बार्लीचा जनुकसंच सुमारे ५०० कोटी अक्षरांचा, माणसाच्या दीडपटीहून मोठा, आणि त्यात तेच तेच मजकूर इतक्यांदा आलेले की जुळणी करणाऱ्याचे डोळे फिरावेत. जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या संघाने २०१२ मध्ये पहिला आराखडा आणि २०१७ मध्ये नीट लावलेला पाठ प्रसिद्ध केला, सगळ्यांना खुला. एका बिअर-वाणाचा पाठ मग इथिओपियातल्या दुष्काळी बार्लीवर किंवा तिबेटच्या सातूवर काम करणाऱ्यांनाही उपयोगी पडला.

भारतात बार्ली पिकते ती पंधरा-वीस लाख टनांच्या घरात, बहुतेक राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, बरीचशी जनावरांसाठी. जुनी वाणे सहा ओळींची. कणसाच्या प्रत्येक पेरावर तीन दाणे, एका पेरावर एका बाजूला तर पुढच्यावर दुसऱ्या बाजूला. त्यांतला मधला सरळ आणि टपोरा, बाजूचे दोघे जागा न मिळाल्याने किंचित पिळलेले, बारीक. भिजत घातले की बारीक दाणे आधी पाणी पितात, टपोरे नंतर, आणि चाल बिघडते. दोन ओळींच्या कणसात बाजूची फुले वांझ राहतात, दाणे एकसारखे होतात. हा सगळा फरक मुख्यत्वे एका जनुकाचा. कर्नालच्या गहू व बार्ली संशोधन संस्थेने डीडब्ल्यूआरयूबी ५२ सारखी दोन-ओळी वाणे आपल्या हवेसाठी काढली. हिवाळा तोकडा असलेल्या मुलखात ते सोपे नव्हते. दाणा भरत असताना मार्चमध्ये गरम वारे सुटले की पिष्ट साठायचे थांबते, दाणा चिंबतो, आणि आधीच आत गेलेल्या प्रथिनाचे प्रमाण आपोआप चढते. २०२२ चा मार्च देशात नोंद सुरू झाल्यापासूनचा सर्वांत तापलेला ठरला होता. अशा वर्षी शेतकऱ्याने युरिया मोजून दिला असला तरी तपासणीत प्रथिन जास्तच निघणार.

हवा तो दर्जा मिळावा म्हणून माल्टवाल्यांनी करारशेती आणली: बियाणे आमचे, सल्ला आमचा, दर्जा बसला तर बाजारापेक्षा चढा भाव. आपल्या उसाशी ताडून पाहिले तर यातला नवेपणा कळतो. उसाचा भाव कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर निघतो. माझ्या उसात साखर जास्त असली तरी मला सरासरीच मिळते. म्हणून शेतकरी टनावर लक्ष ठेवतो, २६५ या वाणासारखा वजनदार ऊस लावतो, आणि उतारा कमी पडतो म्हणून कारखाना त्याची तोड मागे ढकलतो. चूक कुणाची हे भांडण दर हंगामाला नव्याने होते. बार्लीच्या करारात प्रत्येकाची ट्रॉली वेगळी तपासतात. चाळणीवर टपोरे दाणे किती राहिले, ओलावा किती, प्रथिन किती, उगवण किती. दर्जाचा पैसा दर्जा देणाऱ्याला. हे मला उसापेक्षा न्याय्य वाटते.

पण मार्चच्या वाऱ्याचा पैसा कुणाचा? नाकारलेली ट्रॉली शेवटी पशुखाद्याच्या भावाने जाते. बार्लीला किमान आधारभूत किंमत जाहीर होते, सरकारी खरेदी मात्र जवळजवळ नसतेच. म्हणजे युरिया कमी दिल्याने गेलेले क्विंटलही शेतकऱ्याचे आणि हवामानाने गेलेला दर्जाही त्याचाच. कारखाना त्या वर्षी दुसरीकडून माल आणतो.

आणि बियाण्यापाशी पूर्वी एकत्र बसणारी माणसे आता तिथूनही उठू लागली आहेत. २०१६ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने कार्ल्सबर्ग आणि हाइनेकेन यांना अशा बार्लीवर पेटंटे दिली, जिच्यातल्या उत्परिवर्तनामुळे बिअर जुनी झाल्यावर येणारा कागदासारखा वास येत नाही. पेटंट त्या दाण्यावर आणि त्यापासूनच्या पेयावरही. शेतकरी संघटनांनी हरकती घेतल्या. २०१८ मधल्या सुनावणीनंतर कक्षा थोडी आखडली, पेटंटे राहिली. दीडशे वर्षांपूर्वी स्पर्धकांना यीस्ट वाटणारे आणि बार्लीच्या दाण्यावर हक्क सांगणारे नाव एकच, हे याकोबसेनला कसे वाटले असते याचा तर्क करण्यात अर्थ नाही. आपल्या कायद्याने वनस्पतीवर पेटंट मिळत नाही, आणि २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा हक्क आहे. पण करारातल्या बियाण्याचा दाणा परत करायचा ही अट कायद्याला वळसा घालते, हेही दिसते.

म्हणून बार्लीच्या कुठल्याही नव्या सहकार्याचा मसुदा हाती आला तर मी भागीदारांची नावे, सह्या आणि उद्दिष्टे शेवटी वाचीन. आधी दोन गोष्टी शोधीन. एक, चाचणीचे पट्टे कुणाच्या शेतात पडणार आहेत, आणि त्या शेतात तण काढायला मजूर कुणी लावलेत. दुसरी, प्रथिन साडेबारा निघालेल्या ट्रॉलीचा भाव कुठल्या कलमात लिहिला आहे, आणि तो पेरणीच्या आधी ठरलाय की तपासणीच्या नंतर.